शिवणाऱ्या हाताचें नांव

वस्त्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. एका वर्गाची दृष्टि वस्त्र ल्यालेल्या व्यक्तीकडे असते. राणी कोण, तिच्या अंगावर कोणता शेला होता, कोणत्या समारंभास तो तिनें घेतला, याचीं वर्णनें ते मोठ्या आवडीनें करतात. दुसऱ्या वर्गाचें लक्ष मालाकडे असतें. कापूस कोठें पिकला, रेशीम कोणत्या बंदरांत उतरलें, रंग कोणत्या मुळापासून काढला, हें ते कसोशीनें नोंदवितात. दोन्ही प्रकारचें लेखन उपयुक्त आहे, यांत शंका नाहीं. परंतु या दोहोंच्या मध्यें जी एक व्यक्ति उभी असते, जी कापड पुढ्यांत घेऊन तें बेतते, त्याला कातरी लावते, टाक्यामागून टाका घालून त्याला माणसाच्या अंगाचा आकार देते, तिचें नांव या दोन्ही प्रकारच्या ग्रंथांत बहुधा सांपडत नाहीं. आपल्याकडेहि निराळी स्थिति नाहीं. घरांतली पैठणी कोणत्या आजीच्या लग्नांतली हें चार पिढ्या आठवतें. ती कोणाच्या मागावर उतरली हें पहिल्या पिढीलाहि ठाऊक नसतें. नामदेव शिंपी कुळांतले हें महाराष्ट्र विसरला नाहीं, तें त्यांच्या अभंगांमुळें. नुसत्या सुईनें तें नांव आजपर्यंत खचित पोंचविलें नसतें.

ही विस्मृति स्वाभाविक आहे, असें मानण्याकडे आपला कल असतो. शिवणारे हात हजारों. कोणाकोणाचें नांव लक्षांत ठेवावें, असा प्रश्न केला जातो. आमचें मत थोडें निराळें आहे. विस्मृति ही पावसासारखी आपोआप पडत नाहीं; तिला कारणें असतात, आणि तीं शोधूं गेल्यास सांपडतात. तीं कारणें स्पष्ट दिसावींत म्हणून आम्ही येथें एकाच शिवणकार स्त्रीचें उदाहरण घेत आहों. तिचें नांव अॅन लो. तिच्या हाताखालून निघालेला एक झगा १९५३ सालीं साऱ्या अमेरिकेनें पाहिला, आणि तो शिवला कोणी हें विचारावें असें फारच थोड्यांस वाटलें.

लोबाईंचा जन्म १८९८ च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेंतील अलाबामा संस्थानांत, क्लेटन नांवाच्या गांवीं झाला. ज्या अमेरिकनांनीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं औदार्य व स्वार्थत्याग दाखविला, त्यांना जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें, हें आमच्या वाचकांस माहीत आहेच. १८६५ सालीं कायद्यानें ती गुलामगिरी संपली. परंतु बेडी तुटली म्हणून पंगत एक झाली असें घडलें नाहीं. शाळा निराळ्या, गाड्यांतील जागा निराळ्या, दवाखाने निराळे, अशी नवी व्यवस्था दक्षिणेंत उभी राहिली, आणि कृष्णवर्णीय मुलामुलींना तींतच वाढावें लागलें. लोबाईंची आजी गुलामगिरींतच वाढलेली शिवणकार होती. आई जेनी भरतकामांत विशेष निपुण. माँटगोमेरी येथील श्रीमंत गोऱ्या घराण्यांतील स्त्रियांचे उंची पोषाख ती शिवीत असे. अशा रीतीनें सुई ही त्या घरांत तीन पिढ्यांची मिळकत होती. जमीन नाहीं, विद्येचा दरवाजा अर्धा बंद, पण हातांत कसब आहे, अशा कुटुंबांचा इतिहास आपल्याला अपरिचित नाहीं.

बेतून उरलेल्या रेशमी कपट्यांचीं फुलें करण्याचा छंद लोबाईंना लहानपणींच जडला. बागेंतील फुलें पाहून तशीं पाकळीपाकळीनें चिंधीतून उभीं करावयाचीं, हा त्यांचा खेळ होता. आपल्याकडेहि उरल्यासुरल्या तुकड्यांची गोधडी होते आणि तिच्यांत कितीतरी कलाबुद्धि खर्ची पडते. परंतु गोधडी घरांतल्याच मुलांच्या अंगावर जाते. ह्या मुलीचीं फुलें मात्र परक्यांच्या दिवाणखान्यांसाठीं फुलणार होतीं. पुढें पन्नास वर्षें तींच त्यांच्या कामाची खूण ठरलीं.

१९१४ सालीं आई वारली, त्या वेळीं अलाबामाच्या गव्हर्नरच्या पत्नीचे चार झगे अर्धवट राहिले होते. मुलीनें ते पुरे करून दिले, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांतून येते. वय अवघें सोळा वर्षांच्या आसपास. लग्न लहानपणींच झालें होतें आणि पदरीं एक मुलगा होता. शिवणकाम सोडून द्यावें असा नवऱ्याचा आग्रह. १९१६ सालीं फ्लोरिडांतील टँपा शहरच्या एका धनिक बाईनें त्यांच्या अंगावरचा, त्यांनीं स्वतः शिवलेला पोषाख पाहिला आणि आपल्या मुलींच्या लग्नाचे कपडे शिवण्यास बोलाविलें. मुलाला घेऊन त्या निघाल्या. पुढच्याच वर्षीं शास्त्रशुद्ध शिक्षणासाठीं त्या न्यूयॉर्कच्या एस. टी. टेलर यांच्या शाळेंत दाखल झाल्या. तेथें गोऱ्या विद्यार्थिनींशेजारीं त्यांना बसूं दिलें नाहीं. निराळ्या खोलींत एकटीनें काम करावें लागलें. काम मात्र नमुना म्हणून इतरांना दाखविण्यांत येई. हात पुढें चालतो आणि माणूस मागें ठेवला जातो, ही त्यांच्या आयुष्याची रीत येथूनच सुरू झाली.

टँपास परत आल्यावर त्यांनीं दुकान थाटलें, आणि कृष्णवर्णीय मुलींना हाताखालीं घेऊन शिकविलें. त्या शहरांत १९०४ पासून गॅस्पारिला नांवाचा उत्सव भरतो. चांच्यांनीं शहरावर स्वारी केल्याचें सोंग, त्यानंतर राजा, राणी आणि त्यांचा दरबार, असा तो थाट असतो. या दरबारासाठीं लोबाईंनीं पोषाख केले. नाटकी वेष आणि समारंभाचा वेष यांतील भेद त्यांना येथें प्रत्यक्ष कामांतून कळला असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. नेहमींचा पोषाख हातभर अंतरावरून पाहिला जातो; दरबारी सोंगाचा पोषाख रस्त्याच्या पलीकडून दिसावा लागतो. त्यावर मणी व टिकल्या यांचें ओझें असतें, आणि तें ओझें अंगावर न पडतां कापडानेंच तोलून धरलें पाहिजे. शोभा वर दिसते, तिचा भार आंत उचलला जातो, हें ज्याला साधलें तोच खरा वेषकार.

याच ठिकाणीं अशा जुन्या पोषाखांकडे कसें पाहावें, याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आपण वस्त्र पाहतों तें बाहेरून, रंगानें आणि झळाळीनें. जाणता मनुष्य तें आधीं उलटें करतो. गेल्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्य समारंभी झग्याचा जो घाट रूढ होता, त्यांत कमरेपर्यंतचा भाग अंगाबरोबर घट्ट आणि खालचा घेर घंटेसारखा फुललेला असे. असा झगा खांद्यावरून नव्हे, तर कमरेवरून तोलला जातो. म्हणून आंत एक मजबूत कमरपट्टी, अस्तराचे थर आणि आकार धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात; म्हणजे बाहेरच्या झग्याच्या आंत दुसरा एक न दिसणारा झगाच शिवलेला असतो. आपल्याकडे जुन्या घाटाची चोळी बेतणारी बाई हें चटकन् ओळखील. कारण सपाट खणाचे लहान लहान तुकडे नेमक्या तिरकसपणानें जोडून अंगाचा उंचवटा साधावयाचा, हीच तिची विद्या. लोबाईंच्या झग्यांची आंतली बाजू बाहेरच्या बाजूइतकीच नेटकी असे, असें तीं वस्त्रें तपासणारे सांगतात. वरच्या अंगास तींच रेशमी फुलें. छापलेलीं नव्हेत, चिकटविलेलीं नव्हेत, तर वेलीवर उमलल्याप्रमाणें टाक्यानें बसविलेलीं. फुलें अशा जागीं येत कीं, जोड असेल तर तो त्यांच्याखालीं झांकला जाई आणि पाहणाऱ्याची दृष्टि घेराच्या वळणाबरोबर खालीं उतरे. अलंकार आणि रचना हीं येथें दोन राहत नाहींत. ही समज ज्या कामांत दिसते, त्याला केवळ शिवणकाम म्हणतां येत नाहीं.

१९२८ सालीं वीस हजार डॉलरची शिल्लक गांठीला बांधून लोबाई कायमच्या न्यूयॉर्कला गेल्या. दुसऱ्याच वर्षीं बाजार कोसळला आणि मोठी मंदी आली. शिल्लक संपल्यावर त्यांना इतरांच्या दुकानांसाठीं काम करावें लागलें. त्या धंद्याची रीत अशी कीं, झग्याच्या आंत जी चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर दुकानाचें नांव असतें. कल्पना कोणाची, बेत कोणाचा, फुलें कोणाचीं, याचा त्या चिठ्ठीशीं संबंध नाहीं. १९४७ च्या ऑस्कर समारंभांत ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड या नटीनें उत्कृष्ट अभिनयाचें पारितोषिक घेतलें, तेव्हां तिच्या अंगावर फिकट निळा, फुलांनीं नटलेला झगा होता. झगा लोबाईंचा, श्रेय दुसऱ्याच्या दुकानाला. चित्रपटांतील वेषरचनेसाठीं स्वतंत्र ऑस्कर पारितोषिक त्या वेळीं नव्हतेंच. तें प्रथम १९४९ सालीं, १९४८ च्या चित्रपटांसाठीं देण्यांत आलें. वेष करणाराचें नांव व्यासपीठावरून पुकारावें ही कल्पनाच इतकी उशिरां आली. तींतूनच पुढें १९८३ सालीं कोल्हापूरच्या भानु अथय्या यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेषरचनेबद्दल, जॉन मोलो यांच्यासह, तें पारितोषिक मिळालें, याचा आपल्याला अभिमान आहे. पण ज्या काळांत तसें व्यासपीठ नव्हतें, त्या काळांतील वेषकारांची मोजदाद अजून व्हावयाची आहे, हेंहि त्याच वेळीं ध्यानांत ठेवलें पाहिजे.

आतां १९५३ चा तो प्रसंग. त्या वर्षाच्या सप्टेंबरच्या १२ तारखेस न्यूपोर्ट येथें जॅकलीन बूव्हिए आणि सेनेटर जॉन केनेडी यांचा विवाह झाला. वधूच्या आईनें वधूचा आणि करवल्यांचा पोषाख लोबाईंकडे सोंपविला. वधूच्या झग्याला हस्तिदंती रंगाचें, ताठ अंगाचें टॅफेटा रेशीम ५० वार लागलें. गळा रुंद, खांद्यांची गोलाई दाखविणारा. वरच्या अंगावर बारीक चुण्यांचे पट्टे एकमेकांत गुंफलेले. खालच्या घेरावर चुणीदार झालरींचीं मोठीं वर्तुळें, आणि त्यांत मेणाचीं नाजूक फुलें. हें सारें सिद्ध झालें, आणि लग्नास सुमारें दहा दिवस उरले असतां कारखान्यांतील पाण्याचा नळ फुटला. पंधरांपैकीं दहा झगे खराब झाले. वधूचा झगा त्यांतच होता. दोन महिन्यांचें काम एका रात्रींत वाहून गेलें.

लोबाईंनीं नवें कापड आणविलें, जास्त माणसें लाविलीं आणि वेळेच्या आंत सर्व काम पुन्हां उभें केलें. वधूच्या घरच्यांना या अपघाताविषयीं त्यांनीं एक अक्षर कळविलें नाहीं. सुमारें ७०० डॉलर नफा व्हावयाचा, तेथें २,२०० डॉलरची खोट बसली. झगे पोंचविण्यास त्या स्वतः गेल्या असतां त्यांना मागल्या, नोकरांच्या दारानें येण्यास सांगण्यांत आलें. तसें असेल तर झगे परत नेतें, असें त्यांनीं उत्तर दिलें आणि पुढल्या दारानेंच त्या आंत गेल्या, अशी हकिकत सांगितली जाते. लग्नाचीं छायाचित्रें देशभर पसरलीं. वर्तमानपत्रांनीं कापड, गळा, झालरी यांचें बारकाईनें वर्णन केलें. शिवणारीचें नांव मात्र बहुतेकांनीं छापलें नाहीं.

नांव न छापणें ही एक गोष्ट. नांव टाळून ओळख करून देणें ही तिच्याहून बोंचणारी. १९६१ सालीं, केनेडी अध्यक्ष झाल्यावर, एका प्रसिद्ध स्त्री-मासिकानें त्या झग्याचा उल्लेख केला. तो उच्च वेषकलेंतला नसून एका काळ्या शिवणारीनें केलेला, अशा आशयाचे ते शब्द होते. लोबाईंनीं अध्यक्षांच्या पत्नीस पत्र लिहून आपलें दुःख कळविलें. पैशाची मागणी त्यांत नव्हती. आपला उल्लेख व्हावयाचाच असेल तर तो एक नामवंत कृष्णवर्णीय वेषकार म्हणून व्हावा, एवढेंच मागणें होतें.

या मागण्याचें मर्म नीट समजून घेतलें पाहिजे. शिवणारी आणि वेषकार या दोन शब्दांत अंतर कोणतें? सुई दोघींच्या हातीं तीच, कातरीहि तीच. परंतु शिवणारी म्हटली कीं, कल्पना दुसऱ्याची आणि हात हिचा, असें गृहीत धरलें जातें. वेषकार म्हटला कीं, हातामागें बुद्धि आहे हें मान्य होतें. पॅरिसच्या पेढीवर बसलेल्या पुरुषानें चुण्यांचीं वर्तुळें कल्पिलीं तर ती प्रतिभा, आणि अलाबामाच्या गुलामांच्या नातीनें तींच कल्पिलीं तर तें हातकाम, असा तो न्याय होता. ज्या समाजानें काम आणि ज्ञान यांची जातवार वांटणी शतकानुशतकें पाहिली आहे, त्याला हा न्याय फोडून सांगण्याची गरज नसावी.

याची किंमत पैशांतहि मोजावी लागली. लोबाई आपल्या कामाचे दाम फार थोडे घेत. केनेडींच्या लग्नाचा झगा सुमारें ५०० डॉलरचा ठरला होता, असें सांगतात. श्रीमंत गिऱ्हाइकांना हें कसब इतक्या स्वस्तांत दुसरीकडे मिळत नव्हतें, आणि ती गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. हिशेब मुलगा पाहत असे. तो १९५८ सालीं मोटारीच्या अपघातांत दगावला. पुढें एका बड्या दुकानांत त्यांना मुख्य वेषकाराची जागा मिळाली, परंतु कापडाचा व मजुरीचा खर्च त्यांच्याच अंगावर पडत असल्यामुळें काम वाढेल तशी खोट वाढे. १९६२ सालीं करांच्या थकबाकीपायीं दुकान गेलें. त्याच सुमारास काचबिंदूमुळें एक डोळा काढावा लागला. थकबाकी कोणा अनामिकानें भरली. त्यानंतरहि एका डोळ्याच्या आधारानें त्या अनेक वर्षें काम करीत राहिल्या. १९६४ सालीं एका साप्ताहिकानें त्यांच्यावर लेख लिहिला, तेव्हां उच्चभ्रू समाजानें जपून ठेवलेलें गुपित अशा अर्थाचें वर्णन त्यांस दिलें. गौरव म्हणून दिलेलें हें वर्णन आम्हांस मोठा आरोप वाटतो. कारण गुपित आपोआप राहत नाहीं, तें कोणी तरी राखावें लागतें. १९८१ च्या फेब्रुवारींत लोबाईंचें निधन झालें.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे. ह्या बाईंनीं आयुष्यभर धनिकांचेच पोषाख शिवले, आणि जुन्या प्रतिष्ठित घराण्यांशिवाय इतरांसाठीं काम करण्याची आपली इच्छा नाहीं, असें त्या उघड म्हणत. मग त्यांच्याविषयीं एवढा कळवळा कशासाठीं? आक्षेप खोटा नाहीं, आणि लोबाईंना समाजसुधारकांच्या मालिकेंत बसविण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या आपल्या कलेच्या अभिमानी होत्या, आणि आपलें काम कोणाच्या अंगावर शोभावें हें ठरविण्याचा हक्क त्यांनीं मोठ्या हट्टानें बजावला. पण दरबारी चित्रकारानें राजाचें चित्र काढलें म्हणून आपण त्याचें नांव चित्रावरून पुसत नाहीं. गवयानें संस्थानिकांच्या पदरीं गायन केलें म्हणून त्याची गायकी संस्थानिकाची होत नाहीं. वेषकारालाच निराळा नियम कां लावावा? त्यांतून हें काम स्त्रीचें, घरांतलें, म्हणून तें स्वाभाविकच येतें अशी एक समजूत असते. जें स्वाभाविक येतें त्याला ना शिक्षण लागतें ना मोबदला, हा तिचा पुढचा भाग. आणि तोच खरा घातक.

लोबाईंच्या बाबतींत ही पुसलेली अक्षरें उशिरां का होईना, पुन्हां उजळलीं, तीं बव्हंशीं त्यांच्याच समाजांतील एका स्त्रीच्या खटपटीमुळें. लोइस अलेक्झांडर यांनीं १९७९ सालीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत कृष्णवर्णीयांच्या वेषकलेचें संग्रहालय काढलें, आणि लोबाईंचे झगे तेथें जपले. तो संग्रह २००७ सालीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. केनेडी विवाहाचा झगा बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयांत आहे. पण रेशीम इतकें नाजूक झालें आहे कीं, तें मांडून ठेवतां येत नाहीं. म्हणून २०२३ सालीं डेलावेअरमधील विंटरथर संग्रहालयानें लोबाईंच्या कामाचें मोठें प्रदर्शन भरविलें, तेव्हां तेथील विद्यापीठांतील एका अध्यापिकेनें मूळ झगा तपासून त्याची प्रतिकृति शिवली. एकेक चुणी मोजून, एकेक टाका समजून घेऊन काम करावें लागलें. ग्रंथावर जशी टीका लिहितात, तशी ही सुईनें लिहिलेली टीकाच होय. जो झगा एके काळीं उच्च कलेंतला नव्हे म्हणून बाजूस सारला गेला, तो समजण्यास विद्यापीठाची विद्या लागली, हें पुरेसें बोलकें आहे.

आरंभीं आम्ही म्हटलें कीं विस्मृतीला कारणें असतात. तीं आतां मोजतां येतील. वर्णभेदानें माणूस मागें ठेवला. दुकानाच्या चिठ्ठीनें नांव झांकलें. थोड्या दामानें दुकान टिकूं दिलें नाहीं. आणि हातकामाला बुद्धि लागत नाहीं या समजुतीनें वरील तिन्हींवर शिक्कामोर्तब केलें. यांतील एकहि कारण निसर्गनिर्मित नाहीं. तेव्हां तीं दूर करणेंहि माणसांच्याच हातीं आहे. आपल्या घरोघरच्या पेट्यांत जुन्या चोळ्या, परकर, कुंच्या, भरतकामाचीं पांघरुणें अजून पडलेलीं आहेत. त्यांचा काठ व रंग पाहून झाल्यावर तीं एकदां उलटीं करून पाहावींत. टाका पाहावा, आणि ज्या हाताचा तो आहे त्याचें नांव सांगणारें कोणी घरांत हयात असेल, तर तें विचारून एका कागदावर लिहून त्या वस्त्राच्या घडींत ठेवावें. इतिहासाचें हें काम लहान आहे. पण तें वेळेवर झालें नाहीं, तर पुढें मोठमोठ्या संग्रहालयांनाहि तें करतां येत नाहीं.